दिवाणजींची कोल्हापूर स्वारी

अण्णा नेरूरकर माणसांना अरे-तुरे करीत आणि कुत्र्यांना अहो-जाहो.

आमच्या चाळीच्या मालकांसमोर आम्ही भाडेकरू खोकलासुद्धा विचारून काढत असू. ते एकदा नळाची तक्रार ऐकायला आले, तेव्हा अण्णा दारातूनच म्हणाले, "आलास काय रे? बस तिकडे पायरीवर." आणि त्याच दमात मागे वळून, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर पसरलेल्या पिवळ्या कुत्रीला म्हणाले, "राणीसरकार, आपण उठू नये. हा काही परका नाही." मालक पायरीवर बसले. राणीसरकारांनी एक डोळा उघडून त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि तो परत मिटला. दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला. अर्ज करून करून आमची पिढी म्हातारी व्हायला आली होती, पण हे काम शेवटी एका डोळ्याने झालं.

मी एकदा अण्णांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "माणूस आपला मान ओरडून मागून घेतो रे. यांनी कुठल्या तोंडाने मागायचा?" मी म्हटलं, निदान दोघांनाही अहो म्हणा, तुमचं काय जातं? तर म्हणाले, "मेल्या, तुला अहो म्हटलं तर तू कामाचा राहशील?"

तेव्हाची अंधेरी म्हणजे स्टेशन सोडलं की भाताची खाचरं, आणि त्या खाचरांत मध्येच एखादा सिनेमाचा स्टुडिओ उगवलेला. अशाच एका स्टुडिओत अण्णा कपडेपट सांभाळत. राजांचे मुकुट, साधूंच्या दाढ्या आणि खलनायकांच्या मिश्या त्यांच्या ताब्यात असत. इस्त्री तापली नाही म्हणून त्यांनी एका सम्राटाला अर्धा दिवस बनियनवर बसवून ठेवला होता, असं मी ऐकलंय. दाढ्या धुवायला ते घरी आणीत. रविवारी आमच्या चाळीच्या दोरीवर साड्या आणि धोतरांच्या मधोमध ऋषिमुनी वाळत असत. लग्न होऊन आल्यावर माझ्या बायकोने पहिल्याच रविवारी त्यातल्या एका वसिष्ठांना उंदीर समजून केरसुणीने खाली पाडलं. त्यावर अण्णा महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. कुत्री मात्र बोलत होती.

कुत्री तीन. राणीसरकारांची ओळख झालीच. दुसरे फौजदार. रंग काळा, आवाज आगगाडीचा, आणि काळीज सशाचं. ते बैलगाडीवर भुंकत, सायकलीवर भुंकत, चंद्रावर भुंकत, आणि मांजर दिसलं की अण्णांच्या लेंग्यामागे जाऊन उभे राहत. तिसरे दिवाणजी. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, खाली ओघळलेल्या मिश्या आणि नजर अशी की समोरच्याला आपण काहीतरी अफरातफर केली आहे असं वाटावं. दिवाणजी कधी भुंकत नसत. मी त्यांना घाईत असलेलं पाहिलेलं नाही. ऑफिसला निघालो की ते माझ्याकडे असे बघत की मी परत जाऊन कुलूप नीट लागलंय का ते पाहून येई. तिघंही रस्त्यावरची, शुद्ध गावठी. पण आम्हाला देत तशा मालवणी शिव्या अण्णा त्यांना देत नसत. त्यांच्याशी ते नाटकातलं मराठी बोलत. "दिवाणजी, आपण आत यावे. भाकरी सिद्ध आहे."

हे मराठी अण्णांनी नाटक कंपनीतून आणलं होतं. तरुणपणी ते एका फिरत्या कंपनीत भालदार होते. पडदा उघडण्याआधी भाला धरून उभं राहायचं आणि पडदा पडल्यावर हलायचं. मध्ये नाकावर माशी बसली तर माशी कंटाळून उठून जाई, अण्णा नाही. राजे बदलले, राण्या बदलल्या, कंपनी बुडाली, पण अण्णांच्या तोंडी एक वाक्य कधी आलं नाही. पुढे स्टुडिओत आले, तिथेही कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला. "एकच वाक्य पाहिजे होतं रे," ते कधी कधी दाढी विंचरता विंचरता म्हणत. "लांबलचक नको. पण लोकांनी ऐकलं पाहिजे."

आणि एक दिवस ते वाक्य चालून आलं.

त्या जुन्या नाटक कंपनीत नायिकेचं काम करणारे बंडोपंत आता कोल्हापुरात एका चित्रपट कंपनीची व्यवस्था बघत होते. त्यांचा निरोप आला की आमच्या चित्रात एक धनगर मरतो आणि त्याचा कुत्रा त्याच्या प्रेताजवळ बसून रडतो. अण्णा, तुझी कुत्री हुशार म्हणतात, तर एखादं घेऊन ये. कुत्र्याचं काम जमलं तर तुलाही बोलायचं काम देतो. गावात बातमी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याचं. वाक्य असं होतं, "पाटील, मेंढरं घरी आली, धनी नाही आला."

अण्णांनी ते वाक्य पहिल्यांदा मला म्हणून दाखवलं ते हातातली दाढी खाली ठेवून, उभं राहून. मी विचारलं, कुठला कुत्रा नेणार? "दिवाणजी. पण ते एकटे जाणार नाहीत. राणीसरकारांवाचून त्यांचा घास उतरत नाही, आणि फौजदारांना मागे ठेवलं तर चाळ झोपणार नाही." मग मी विचारलं की मला हे का सांगताय? अण्णा म्हणाले, "तू पण येतोयस. घाटात चाकाखाली दगड लावायला माणूस लागतो."

अण्णांची मोटार ही युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली एक व्हॅन होती. ती कुठल्या बाजूने लढली होती हे सांगणं कठीण होतं, पण हरली होती एवढं नक्की. तिला टप नव्हतं. टपाच्या जागी अण्णांनी एका ऐतिहासिक चित्रपटातला बाद झालेला तंबू शिवून बसवला होता, त्यामुळे आम्ही जिथे जाऊ तिथे छावणी पडल्यासारखं दिसे. भोंगा नव्हता, पण फौजदार होते. पुढच्या बाकावर अण्णांशेजारी दिवाणजी बसले. मागच्या गादीवर राणीसरकार पसरल्या. मी आणि फौजदार जादा टायरवर. मी गादीकडे एकदा नुसतं पाहिलं तर अण्णा आरशातून म्हणाले, "त्यांची प्रकृती नाजूक आहे. तू आकसून बस."

पहाटे निघालो. गाडी घाटकोपरला पोचली तेव्हा मुलुंडच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, इतका तिचा आवाज. आणि त्या आवाजावर आवाज चढवून अण्णांची तालीम चालली होती. मुलुंडपर्यंत ते वाक्य करुण होतं. ठाण्याच्या पुढे ते वीररसात गेलं. मुंब्र्याच्या वळणावर अण्णांनी ते कुजबुजून म्हणून पाहिलं, तेव्हा राणीसरकारांना गाडी लागली आणि त्यांनी आपली सकाळची भाकरी माझ्या नव्या विजारीवर परत केली. पनवेलला पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस पुढे आला आणि अण्णांनी तंद्रीतच त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "पाटील, मेंढरं घरी आली, धनी नाही आला." त्या भल्या माणसाने टोपी काढली. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "घरी पोरंबाळं किती?" अण्णांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. घाट लागेपर्यंत ते मला एवढंच सांगत होते, "ऐकलंस? पोरंबाळं विचारली त्याने."

मी बोरघाट मोटारीने चढलो असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी चालत चढलो आणि मोटार माझ्याबरोबर आली. दर वळणावर इंजिन उकळे, अण्णा ओरडत, मी धावत जाऊन मागच्या चाकाखाली दगड घाली. ओझं कमी करायला हवं हे अण्णांनाही पटत होतं. मी म्हटलं, कुत्री उतरवा. तर म्हणाले, "ते कलावंत आहेत रे. त्यांना दमवून कसं चालेल? तू उतर." तेवढ्यात दिवाणजी आपण होऊन खाली उतरले आणि माझ्याबरोबर चालू लागले. सगळा घाट ते माझ्याशेजारून चालले, एकदाही पुढे गेले नाहीत. आमच्या साहेबांनी मला अशी वागणूक उभ्या नोकरीत दिलेली नाही.

पुण्याच्या पलीकडे एका गावच्या जकात नाक्यावर आम्हाला अडवलं. कारकुनाने तंबूत डोकं घातलं आणि विचारलं, "माल काय आहे?"

"माल नाही. नटमंडळी आहेत," अण्णा म्हणाले.

"नटमंडळी कुठायत? ही तर कुत्री."

"मग तू काय कीर्तनकार समजलास?"

कारकुनाने जनावरांची जकात सांगितली. अण्णा म्हणाले की विकायला नेलेल्या जनावराला जकात असते, दौऱ्यावर निघालेल्या कलावंताला नसते. कारकून म्हणाला, कलावंत कशावरून? अण्णांनी दार उघडून नुसतं म्हटलं, "दिवाणजी, दरबार भरला आहे." दिवाणजी उतरले, चौकीत गेले, कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीवर चढून बसले आणि मांडलेल्या कागदांकडे असे बघू लागले, की तो कारकून हात जोडून म्हणाला, "यांना घेऊन जा बाबा. मला कसंतरी होतंय."

साताऱ्याजवळच्या खानावळीत अण्णांनी पाच पानं मांडायला सांगितली. मालक म्हणाला, कुत्र्यांना पंगतीत वाढणार नाही. अण्णा म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग आम्हालाही बाहेर वाढ." चिंचेखाली आमची पंगत बसली. अण्णांनी आधी तिघांच्या भाकऱ्या कुस्करून आमटी घातली, कोमट आहे ना बघितलं, आणि मग स्वतःचा पहिला घास घेतला. मी त्याआधीच दोन भाकऱ्या संपवल्या होत्या, तेव्हा दिवाणजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला तिसरी मागवेना.

कोल्हापूरबाहेरच्या एका माळावर शूटिंग होतं. बंडोपंतांनी अण्णांना मिठी मारली. डायरेक्टर हा चष्म्याचा, किरकिऱ्या, उन्हाने वैतागलेला माणूस. त्याने दिवाणजींकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा? याच्या तोंडावर तर आधीच सुतक आहे. झकास."

बाभळीखाली नायक मरून पडला. चांगला खात्यापित्या घरचा धनगर होता. गालाला रंग, डोळ्यांत काजळ, आणि अत्तर असं की मेंढरं शिंकत होती. दिवाणजींना सोडलं. ते संथ चालीने आले, नायकाला हुंगलं, एक जोरदार शिंक दिली आणि डायरेक्टरच्या छत्रीखाली जाऊन बसले. पुन्हा सोडलं. या वेळी त्यांनी नायक आणि बाभूळ यांत फारसा फरक केला नाही. नायक मेलेला असूनही उठून विहिरीकडे पळाला. तो धोतर बदलून आल्यावर तिसऱ्यांदा सोडलं, तर दिवाणजी जागचे हललेच नाहीत. डायरेक्टर म्हणाला, वाट लागली दिवसाची, घेऊन जा हे ध्यान.

अण्णांचा चेहरा उतरला. ते वाक्य आता माळावरच्या वाऱ्यावर चाललं होतं. तेव्हा बंडोपंतांना सुचलं. ते म्हणाले, कुत्रा परक्यासाठी कसा रडेल? नायकाचं तोंड पलीकडे वळलेलंच आहे. त्याच्या जागी अण्णाला निजवा की.

अण्णा कॅमेऱ्यासमोर आले ते असे. त्यांना धनगराचे कपडे दिले, पटका बांधला, घोंगडी पांघरली. डायरेक्टर म्हणाला, हलायचं नाही, श्वास दिसता कामा नये. हे अण्णांना सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. ते आडवे झाले आणि असे मेले की मी नकळत दोन पावलं पुढे सरकलो. राणीसरकार आणि फौजदार यांच्या दोऱ्या माझ्या हातात होत्या. दोघांनी कान उभारले.

कॅमेरा फिरू लागला. दिवाणजी निघाले, नेहमीच्या चालीने. अण्णांपासून थोड्या अंतरावर ते थांबले. मग पुढे होऊन त्यांनी अण्णांचे तळपाय हुंगले. धोतराचा काठ दातांत धरून हळूच ओढला, जसा ते घरी सकाळी भाकरीच्या वेळी लेंगा ओढत. अण्णा हलले नाहीत. दिवाणजींनी एक फेरी घातली, कान चाटला, थांबून वाट पाहिली. परत चाटला. मग ते खाली बसले, मान वर केली आणि कधीही न भुंकणाऱ्या त्या कुत्र्याच्या गळ्यातून असा एक आवाज निघाला, की माळावरची माणसं होती तिथे उभी राहिली. रंगाची पेटी धरलेली बाई पदराने डोळे पुसू लागली. माझ्या हातातले फौजदार आणि राणीसरकारही त्या सुरात सूर मिसळून रडू लागले. डायरेक्टर मुठी आवळून कॅमेरावाल्याला खुणावत होता, चालू दे, चालू दे.

आणि घोंगडीखालून प्रेताचा हात बाहेर आला. तो दिवाणजींच्या डोक्यावर गेला. प्रेत म्हणालं, "अहो, मी आहे. इथेच आहे."

डायरेक्टरने हॅट जमिनीवर आपटली. फिल्म काय फुकट येते का, वगैरे बरंच बोलला. अण्णांनी ऐकून घेतलं, चुकलं म्हणाले, पुन्हा आडवे झाले. या वेळी हात अंगाखाली दाबून ठेवले. दिवाणजी आले, तसेच बसले, आणि त्यांनी मान वर करायच्या आतच प्रेत हळू आवाजात म्हणालं, "रडू नये. उगी."

बंडोपंत त्यांना बाजूला घेऊन गेले. मी कानावर येईल तेवढं ऐकलं. अरे वेड्या, एवढंसं पडून राहा, एवढंच. मग तुझं वाक्य उद्या सकाळीच घेतो, माझा शब्द. जन्मभर मागतोयस ना? अण्णा खाली बघत उभे होते. मला वाटलं, ते जातील आणि पडतील. पण त्यांनी पटका सोडला, त्याची नीट गुंडाळी केली, घोंगडी झटकून तिची चौघडी घातली आणि दोन्ही बंडोपंतांच्या हातात दिलं. "कपडेपटात ठेव," म्हणाले. "घोंगडीला काटे लागलेत, ते काढायला सांग."

आम्ही परत निघालो. मी रागावलो होतो. घाट पायी चढून, विजार बिघडवून, दगड वाहून मी हे बघायला आलो होतो होय? तालीम बंद होती. फौजदारांनीसुद्धा बैलगाड्या नुसत्याच जाऊ दिल्या. खंडाळ्याच्या अलीकडे गाडी तापली म्हणून आम्ही एका आंब्याखाली थांबलो. ऊन कलतं होतं. तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, "अण्णा, भाला धरून तुम्ही रात्र रात्र पुतळ्यासारखे उभे राहायचात. इथे थोडा वेळ पडून राहणं नाही जमलं?"

अण्णांनी बाकावर बसल्या बसल्याच बिडी पेटवली, पण ओढली नाही.

"तू बघितलंस ना, दिवाणजी कसे रडले?"

"बघितलं."

"खोटं नव्हतं रे ते. तिथे तेवढंच एक खोटं नव्हतं." त्यांनी ती बिडी विझवून कानावर ठेवली. मग म्हणाले, "मी एकटा माणूस. मला कधी कधी वाटायचं, आपण गेलो की काय होईल? स्टुडिओत विचारतील, मिश्यांच्या पेटीची किल्ली कुठाय. चाळीत खोलीवर भांडणं लागतील. तू येशील खांदा द्यायला, वाटेत ऑफिसला उशीर झाला म्हणून घड्याळ बघशील. तुझा दोष नाही, सगळेच बघतात. पण आपल्या मागे कोणाला काय वाटेल हे माणसाला जिवंतपणी कळतं कधी? मला कळलं."

मी चेष्टेनेच म्हटलं, "मग पडून राहायचं होतंत. आणखी जरा बघायला मिळालं असतं."

"मी जिवंत आहे हे मला ठाऊक होतं रे," अण्णा म्हणाले. "त्यांना कुठे ठाऊक होतं?"

गाडी कधीच थंड झाली होती. मी म्हटलं, निघायचं ना? अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढच्या बाकावर दिवाणजी त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपले होते, आणि झोपेत मधूनच त्यांचा श्वास हुंदक्यासारखा अडकत होता. अण्णांनी मांडी हलू दिली नाही. दिवाणजींना आपली आपण जाग येईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून राहिलो.